पार्श्वात न मावलेला आवाज

मराठीत ‘पार्श्वगायिका’ हा शब्द इतका रुळला आहे की त्यातील ‘पार्श्व’ आता कोणाच्याच कानाला टोचत नाही. पडद्यामागे, दिसणार नाही अशा जागी उभी राहून गाणारी स्त्री, हा त्याचा सरळ अर्थ. गाणे तिचे, ओठ दुसरीचे. या व्यवस्थेतून भारतीय चित्रपटसंगीताने जे वैभव उभे केले त्याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु त्या वैभवासाठी गायिकेला काय सोडून द्यावे लागले, याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. १९४९ साली ‘महल’ आला आणि ‘आएगा आनेवाला’ची तबकडी निघाली, तेव्हा तिच्यावर गायिकेच्या जागी नाव छापले होते ‘कामिनी’. कामिनी म्हणजे मधुबालाने रंगवलेले पात्र. लता मंगेशकर हे नाव तबकडीवर कोठेही नव्हते. आवाजाला देह परका होताच, नावही परकेच मिळाले. पुढे लताबाईंनी आपले नाव असे प्रस्थापित केले की पात्रांची नावे विसरली गेली. मात्र १९७४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्या स्वतः उभ्या राहिल्या, तेव्हाही श्रोत्यांच्या मनात त्या गाण्यांना आधीच कोणा ना कोणा नायिकेचे चेहरे चिकटलेले होते.

हे सारे आठवण्याचे निमित्त, या व्यवस्थेच्या नेमक्या उलट्या दिशेने चाललेली एक गायिका. उषा उथुप हे नाव साहित्यविषयक लेखनात आले की काही भुवया उंचावतात, याचा अनुभव आम्ही आमच्या स्टाफरूममध्ये नुकताच घेतला आहे. ‘लोकप्रिय साहित्य’ या घटकाखाली बाबूराव अर्नाळकर किंवा चंद्रकांत काकोडकर शिकवायला आता कोणी हरकत घेत नाही. पण ‘लोकप्रिय’ या शब्दाचीच इंग्रजीतली धाकटी बहीण जी ‘पॉप’, तिचे नाव काढले की आपण एकदम अभिरुचीचे पहारेकरी होतो. हे पहारेकरीपण कोठून येते आणि त्याचा एखाद्या माणसाच्या पोटावर प्रत्यक्ष काय परिणाम होतो, हे उषा उथुप यांच्या कारकिर्दीतून जितके स्वच्छ दिसते तितके एखाद्या सिद्धान्तग्रंथातूनही दिसणार नाही.

त्या अस्सल मुंबईकर. जन्म नोव्हेंबर १९४७ चा. घर तमिळ, वडील मुंबई पोलिसांत अधिकारी, शाळा भायखळ्याची सेंट अ‍ॅग्नेस. घरी रेडिओवर पाश्चात्त्य संगीतापासून बडे गुलाम अली खाँ आणि किशोरी आमोणकरांपर्यंत सर्व काही चाले. शेजारपाजार सर्व धर्मांचा आणि भाषांचा. गाण्याचे रीतसर शिक्षण मात्र त्यांनी कधी घेतले नाही, किंबहुना ते त्यांना मिळाले नाही. शाळेच्या गायनवर्गात त्यांचा आवाज इतर मुलींच्या आवाजात बसेना, म्हणून त्यांना गाण्यातून वगळण्यात आले आणि हातात वाजवायला लहानसहान वाद्ये देण्यात आली. ही गोष्ट त्यांनी स्वतः अनेकदा, आणि कोणतीही कटुता न ठेवता, सांगितली आहे. पुढे अमीन सयानींनी त्या मुलीला रेडिओ सिलोनच्या कार्यक्रमात गाण्याची संधी दिली. शाळेच्या समूहगानात न मावणारा आवाज रेडिओत सहज मावला. मोठ्या बहिणीही गात. त्यांपैकी उमा पोचा यांचे ‘बॉम्बे मेरी है’ हे गाणे जुन्या मुंबईकरांना अजून आठवत असेल.

आता या ‘न बसणाऱ्या’ आवाजाविषयी थोडे अधिक. उषा उथुप यांचा आवाज खर्जाकडे झुकणारा, जाड, भरदार आणि किंचित खरखरीत आहे. आपल्याकडे अशा स्त्रीस्वराला जागाच नव्हती असे नाही. चित्रपटांतच १९४० च्या दशकात जोहराबाई अंबालेवाली आणि शमशाद बेगम यांचे ठसठशीत आवाज घरोघरी पोचले होते. शास्त्रीय संगीतात तर गंगूबाई हनगल यांचा आवाज घशाच्या विकारानंतर पुरुषी वाटावा इतका बदलला, तरी पुण्यामुंबईच्या रसिकांनी त्यापुढे मान तुकवली. तो आवाज तपश्चर्येचा मानला गेला. चित्रपटात मात्र १९५० नंतर उंच पट्टीतला, बारीक, निर्मळ स्वर हाच नायिकेचा स्वर ठरला आणि पाहता पाहता ती पट्टी संगीताची न राहता शीलाची झाली. नायिका काळी चारच्या वर आणि खलनायिका किंवा क्लबमधली नर्तकी त्याच्या खाली, अशी एक अलिखित वाटणी पुढची कित्येक वर्षे चालली. (आशाबाईंनी ही वाटणी आपल्या गळ्याच्या लवचिकपणावर अनेकदा मोडून दाखवली; पण मोडून दाखवावी लागली, यातच तिचे अस्तित्व सिद्ध होते.) अशा काळात जाड आवाजाच्या मुलीने गायिका व्हायचे ठरवले, तर तिच्यासमोर पार्श्वगायनाचे दार जवळजवळ बंदच होते. तिला पुढे येऊनच उभे राहणे भाग होते.

१९६९ साली मद्रासच्या माउंट रोडवर, सफायर चित्रपटगृहाच्या संकुलातील ‘नाइन जेम्स’ नावाच्या नाइटक्लबमध्ये त्या प्रथम व्यावसायिक गायिका म्हणून उभ्या राहिल्या. अंगावर साडी. तेथून मुंबईचे ‘टॉक ऑफ द टाउन’, कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरचे ‘ट्रिंकाज’, मग दिल्लीचे ओबेरॉय. त्या काळचा पार्क स्ट्रीट म्हणजे जाझ आणि पॉपची राजधानी. ‘ब्लू फॉक्स’मध्ये पॅम क्रेन गात होत्या आणि गोव्याहून आलेले वादक त्यांना साथ करीत होते. या जगातली गायिका बहुधा अँग्लो-इंडियन असायची आणि गाउन घालायची. सभ्य समजल्या जाणाऱ्या भारतीय कुटुंबांच्या मनात तिच्याविषयी एक ठरीव कल्पना होती. तेथे कांजीवरम साडी, मोठे कुंकू, केसांत गजरा आणि हातभर बांगड्या अशा वेषात एक बाई माइकसमोर उभी राहते आणि इंग्रजी गाणी म्हणते, हे दृश्य किती विसंगत दिसले असेल याची कल्पना आज करता येत नाही. कारण त्यांनीच ते दृश्य इतके परिचयाचे करून टाकले आहे.

या साडीकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. त्या स्वतः सांगतात की साडी हा त्यांचा रोजचा वेष होता, मध्यमवर्गीय घरातली बाई जे नेसते तेच त्या नेसून गेल्या, त्यात योजना काही नव्हती. आम्हांला हे खरे वाटते. पण वेषाचा अर्थ नेसणारीच्या हेतूवर थांबत नाही. मराठी वाचकाला येथे दोन नावे आठवावीत. पहिले हिराबाई बडोदेकर यांचे. १९२० च्या दशकात तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकांमध्ये त्या होत्या. साधी साडी, शांत बैठक, हातवाऱ्यांचा पूर्ण अभाव, या तीन गोष्टींच्या बळावर त्यांनी गाणाऱ्या बाईविषयीच्या समाजाच्या संशयाला उत्तर दिले. तोंडाने एक शब्दही न काढता. दुसरे नाव सुलोचना चव्हाण यांचे. शृंगारिक लावण्या त्या डोक्यावरून पदर घेऊन गायच्या. आवाजात सारा नखरा आणि देहावर त्याची खूणसुद्धा नाही. उषा उथुप या मालिकेतल्या तिसऱ्या, असे आम्हांला वाटते. स्थळ बदलले, गाणे बदलले, पण स्त्रीने देहासह लोकांसमोर उभे राहून गायचे तर आधी तिला आपल्या चारित्र्याची पावती वेषावर टाचून यावे लागते, ही अट १९२० च्या दशकापासून १९६९ पर्यंत बदलली नव्हती.

फरक आहे तो एवढाच की हिराबाईंनी आणि सुलोचनाबाईंनी देह स्थिर ठेवला. उषा उथुप यांनी तो ठेवला नाही. त्या टाळ्या वाजवतात, प्रेक्षकांत उतरतात, श्रोत्यांना दटावतात, गाता गाता गप्पा मारतात. साडीने मिळवलेली सभ्यतेची पत त्यांनी मोकळेपणावर खर्च केली. आमच्या मते त्यांचे खरे योगदान येथे आहे, आणि ते कोणत्याही एका गाण्यात सापडत नाही.

त्यांची स्वतःची गाणी तशी थोडीच. हा आक्षेप त्यांच्यावर नेहमी घेतला जातो आणि तो वस्तुस्थितीला धरून आहे. त्या संगीतकार नव्हेत, गीतकारही नव्हेत. जन्मभर त्यांनी मुख्यतः दुसऱ्यांची गाणी म्हटली: अमेरिकन, स्पॅनिश, बंगाली, मल्याळम, पंजाबी, जे समोर येईल ते. ‘मलायका’ हे स्वाहिली गाणे पूर्व आफ्रिकेतल्या श्रोत्यांसमोर त्यांनी इतके आपले करून म्हटले की केनियात त्यांना उदंड प्रेम मिळाले. डझनाहून अधिक भारतीय भाषांत त्या गातात. उच्चार सर्वच भाषांत निर्दोष असतात असे म्हणवत नाही. परंतु दुसऱ्याचे गाणे म्हणणे ही दुय्यम निर्मिती, हा समज आपल्या परंपरेतून आलेला नाही. कीर्तनकाराचे आख्यान कधी नवे असते काय? अभंग तुकोबांचा, ओवी ज्ञानोबांची, कथा पुराणातली. तरीही एक बुवा ऐकायला गाव लोटतो आणि दुसऱ्याच्या कीर्तनाला पेंगतो. उषा उथुप यांच्या मैफलीत पूर्वरंग कोठे संपतो आणि उत्तररंग कोठे सुरू होतो हे सांगता येणार नाही. पण सभा हातात धरण्याची ती विद्या आहे खास कीर्तनकाराची.

येथे एक समांतर चरित्र सहज समोर येते. लोर्ना कोर्देरो याही मुंबईत जन्मलेल्या, १९४६ च्या, म्हणजे वयाने एखाद्या वर्षाचेच अंतर. ख्रिस पेरी यांच्या संगीतरचनांवर त्यांनी कोंकणी पॉपला जो आवाज दिला त्याला गोव्यात आणि मुंबईच्या गोवेकर वस्त्यांत आजही तोड मानली जात नाही. मधला त्यांच्या मौनाचा दीर्घ काळही त्या समाजाने विसरू दिला नाही. २०१४ च्या ‘नाचोंया कुंपासार’ या कोंकणी चित्रपटामागे त्याच दोघांच्या जीवनाची प्रेरणा होती. लोर्ना यांच्यामागे एक भाषा होती, एक समाज होता, त्या समाजाची लग्ने आणि नाच होते. उषा उथुप यांच्यामागे असे काहीच नव्हते. जन्माने तमिळ, वाढल्या मुंबईत, विवाह मल्याळी कुटुंबात, संसार आणि स्टुडिओ कलकत्त्यात. कोणताही एक समाज त्यांना ‘आमची’ म्हणून सांभाळायला बांधील नव्हता. प्रत्येक गावात त्या गावच्या भाषेतले गाणे म्हणून त्यांना आपला समाज दर संध्याकाळी नव्याने जमवावा लागला. बहुभाषिकतेचे त्यांचे जे कौतुक होते त्यामागे ही निकड होती, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

चित्रपटांनी त्यांना बोलावले, पण अंतर राखून. १९७० मध्ये ‘बॉम्बे टॉकी’, १९७१ मध्ये ‘हरे रामा हरे कृष्णा’. या दुसऱ्या चित्रपटात राहुल देव बर्मन यांनी त्यांच्याकडून मुख्यतः इंग्रजी शब्द गाऊन घेतले. ‘दम मारो दम’ अर्थातच आशाबाईंचे. १९७८ मध्ये ‘शालिमार’, आणि मग बप्पी लाहिरी यांच्यासोबतचा धडाका: ‘प्यारा दुश्मन’ (१९८०), ‘अरमान’ (१९८१), ‘डिस्को डान्सर’ (१९८२). ‘अरमान’मधले ‘रंभा हो’ हे गाणे ज्यांनी ऐकले नाही असा आमच्या पिढीतला माणूस शोधावा लागेल. आमचे बालपण ज्या गणेशोत्सवांच्या कर्ण्यांखाली गेले त्यांना आरती आणि ‘रंभा हो’ यांत भेद करण्याची आवश्यकता वाटत नसे. पडद्यावर त्या गाण्यात कल्पना अय्यर होत्या. वाटणी तीच जुनी: जाड आवाज क्लबातल्या नर्तकीला. पण एक गोष्ट या वाटणीच्या हिशेबात नव्हती. लोक पडद्यावर कल्पना अय्यर यांना पाहत आणि गाणे मात्र उषा उथुप यांचे म्हणून ओळखत, कारण तो आवाज कोणाच्याही ओठांमागे लपत नव्हता. पार्श्वगायनाची सारी किमया आवाज आणि ओठ यांतील सांधा न दिसण्यावर उभी असते. येथे सांधा ढळढळीत दिसत होता आणि कोणाची तक्रार नव्हती.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या प्रसंगाकडे येतो. १९८३ साली पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचे सरकार होते आणि सार्वजनिक बांधकाम खाते जतीन चक्रवर्ती यांच्याकडे होते. त्यांनी उषा उथुप यांचे गाणे ‘अपसंस्कृती’ असल्याचे जाहीर केले आणि सरकारी सभागृहे त्यांना बंद झाली. हा शब्द आम्हांला फार विचार करण्यासारखा वाटतो. ‘असंस्कृत’ म्हटले तर तो माणसाचा दोष होतो, शिकवून सुधारता येतो. ‘अपसंस्कृती’ म्हटले की तो रोग होतो आणि रोग्याला वस्तीबाहेर ठेवणे हे सरकारचे कर्तव्य ठरते. बंगालमधील डाव्यांची सांस्कृतिक भूमिका क्षुद्र नव्हती. गणनाट्य संघापासूनची एक थोर परंपरा तिच्यामागे होती. बाजाराने लोकांची अभिरुची बिघडवू नये ही तळमळही खोटी नव्हती. मार्क्सवादी समीक्षेत संस्कृती-उद्योगावर जे लिहिले गेले ते आम्ही वर्गात आवडीने शिकवतो. परंतु फलकावर लिहिलेला सिद्धान्त आणि एखाद्या बाईला सभागृहाच्या दाराशी अडवणारा आदेश यांत जे अंतर असायला हवे, ते त्या वर्षी कलकत्त्यात उरले नाही.

त्या न्यायालयात गेल्या. कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. १९८४ च्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’मध्ये तो निवाडा त्यांच्याच नावाने नोंदलेला आहे. एका पॉप गायिकेचे नाव अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या खटल्यांत जाऊन बसले. त्यांनी शहर सोडले नाही. पुढे केव्हातरी त्यांच्या कपाळावरच्या मोठ्या टिकलीत बंगाली ‘क’ हे अक्षर उमटले, कलकत्त्याचा ‘क’. ज्या शहराच्या सरकारने संस्कृतीबाहेर काढले त्याच शहराचे अक्षर कपाळी लावणे, याला प्रेम म्हणावे की टोमणा? आम्ही दोन्ही समजतो. त्यांना विचारले तर त्या बहुधा प्रेम म्हणतील.

आपण महाराष्ट्रातल्यांनी या प्रकरणी बंगालकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई राज्यात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली आणि नंतर अटी घालून ती उठवली. शुद्धीकरण झाले, पांढरपेशा प्रेक्षक आला, लावणीला सभागृह मिळाले; आणि अटींत न बसणाऱ्या किती फडांच्या राहुट्या उठल्या हे कोणी लिहून ठेवले नाही. त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी, २००५ मध्ये, महाराष्ट्र सरकारने डान्स बार बंद केले. कारण तेच, शब्द वेगळे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती बंदी अवैध ठरवली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. मधल्या आठ वर्षांत त्या बारमध्ये नाचणाऱ्या बायका कोठे गेल्या? ‘रंभा हो’वर नाचणाऱ्याही त्यांत असतीलच. त्यांनाही शेवटी न्याय मिळाला असे कागदावर म्हणता येते, पण निकाल लागेपर्यंत टिकून राहण्यासाठी जे लागते, नाव, पैसा, ओळखीपाळखी, त्यांतले त्यांच्याजवळ काही नव्हते.

येथे आमचा उषा उथुप यांच्याविषयीचा आदर थोडा गुंतागुंतीचा होतो, हे नमूद केले पाहिजे. साडी आणि कुंकू यांच्या आधारे त्यांनी पॉप गायिकेला घराघरांत प्रवेश मिळवून दिला खरा. पण ‘ती तशी नाही’ असे एकीविषयी म्हटले जाते तेव्हा ‘त्या तशाच’ हे इतरांविषयी न बोलता ठरते. गाउन घालणारी पॅम क्रेन, पडद्यावर कमी कपड्यांत नाचणारी कल्पना अय्यर, बारमधली निनावी मुलगी, या सर्वजणी त्या प्रशस्तिपत्रकाच्या बाहेर राहिल्या. हा दोष उषा उथुप यांचा नव्हे. हिराबाईंनी मान मिळवला तेव्हाही कोठ्यावर गाणाऱ्या बायांचे तसेच झाले होते. मात्र ‘साडीतली पॉप गायिका’ असे कौतुक ऐकले की आमच्या एका विद्यार्थिनीने वर्गात विचारलेला प्रश्न आठवतो. सुलोचनाबाईंवरची चर्चा चालू होती. पदर डोक्यावरून घेतला म्हणून लावणी चांगली झाली, की लावणी चांगली होती म्हणून पदराला परवानगी मिळाली, असे तिने विचारले. वर्ग हसला. आम्ही उत्तर पुढच्या तासावर ढकलले, आणि पुढच्या तासाला तिनेच ते लिहून आणले: परवानगी देणारे दोन्ही वेळा तेच होते, म्हणून प्रश्नाने काही फरक पडत नाही.

त्यांच्या उत्तरकाळाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दूरदर्शन संचावरील स्पर्धांच्या परीक्षक, सत्कार, उद्घाटने; कांजीवरमच्या काठाचे बूट आता गाण्याइतकेच प्रसिद्ध. प्रेरणादायी भाषणांचा सोस वाढला आणि कित्येकदा अलंकारांखाली आवाज दबला, असे आमचे स्पष्ट मत आहे. विकासकुमार झा यांनी लिहिलेले त्यांचे हिंदी चरित्र २०१८ मध्ये आणि त्याचा इंग्रजी अनुवाद २०२२ मध्ये आला. २०११ मध्ये पद्मश्री, २०२४ मध्ये पद्मभूषण. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये पती जानी चाको उथुप यांचे निधन झाले.

प्रभाव म्हणावा तर त्यांच्यासारखे कोणी गात नाही. १९८० च्या ‘कुर्बानी’तून नाझिया हसन आली ती किशोरवयीन, कोवळ्या आवाजाची, १९९५ मध्ये ‘मेड इन इंडिया’ने अलिशा चिनॉय यांचे नाव घरोघरी नेले, त्यांचा आवाजही लाडिक वळणाचा. त्यानंतरची इंडीपॉपची लाट आली तशी ओसरली. या साऱ्याजणी आपल्या नावाने आणि आपल्या चेहऱ्याने गायल्या. ती वाट आधी कोणी तुडवली होती हे त्यांना सांगावे लागले नसेल. पण जाड आवाजाचे काय झाले? त्याला वाट पाहावी लागली. १९९० नंतर इला अरुण आल्या, पुढे रेखा भारद्वाज आल्या, आणि चित्रपटाचा कान हळूहळू सैल होत गेला.

२०११ मध्ये विशाल भारद्वाज यांच्या ‘सात खून माफ’मध्ये उषा उथुप दोन ठिकाणी आहेत. एक, पडद्यावर, मॅगी नावाच्या वृद्ध मोलकरणीच्या भूमिकेत, स्वतःच्या चेहऱ्याने. दुसऱ्या, ‘डार्लिंग’ या गाण्यात, रेखा भारद्वाज यांच्यासोबत, प्रियांका चोप्रा यांच्या ओठांमागे. सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचे फिल्मफेअर पारितोषिक त्या दोघींना विभागून मिळाले. चित्रपट आला तेव्हा उषा उथुप ६३ वर्षांच्या होत्या. ‘बॉम्बे टॉकी’पासून मोजले तर त्या आवाजाला नायिकेचे ओठ मिळायला ४१ वर्षे लागली, आणि ती नायिका होती आपल्या नवऱ्यांचे एकामागून एक खून करणारी.